दादांनी पास केलेलं छत

छताला गिलावा कसा करतात हे ज्याने कधी केलं नाही त्याला सांगून फारसा उपयोग नाही. पण थोडं सांगितल्याशिवाय गोष्ट पुढे सरकणार नाही, म्हणून सांगतो. भिंतीवर थापलेला माल भिंतीवर राहतो. छतावर थापलेला माल डोळ्यांत जातो, कानांत जातो, सदऱ्याच्या गळ्यातून शिरून पोटापर्यंत पोचतो, आणि त्यातूनही काही उरलाच तर तो छतावर राहतो. दादांच्या हातचा माल मात्र छतालाच लागायचा. तीस वर्षं ते हेच करत आले होते, आणि तरी त्यांची कॉलर पाहून वाटावं की हा माणूस कुठल्यातरी कचेरीत बसतो.

त्यांना दादा म्हणायची त्यांची धाकटी बहीण. मग बहिणीचा नवरा म्हणायला लागला आणि त्याचं ऐकून सगळी साइट. हा बहिणीचा नवरा म्हणजेच त्यांचा कामातला जोडीदार. तो डाव्या हाताने काम करायचा, म्हणून त्याला सगळे डावऱ्या म्हणत. अठरा वर्षांपूर्वी तो घमेली उचलायला आला तेव्हा त्याचा डावा हात पाहून बाकीच्या मिस्त्र्यांनी नाकं मुरडली होती. दादांनी त्याला जवळ बोलावलं आणि माल घोटायचा गुरमाळा त्याच्या हातात दिला. एका फळीवर दोन उजवे मिस्त्री उभे राहिले की त्यांची कोपरं एकमेकांना लागतात. एक उजवा आणि एक डावा उभा केला की हा इकडे ओढतो, तो तिकडे ओढतो, आणि छत मधल्या रेघेपासून दोन्ही बाजूंना सरळ होत जातं. हे दादांच्या डोक्यात आलं, इतरांच्या आलं नाही. म्हणूनच ते दादा होते आणि इतर इतर होते.

पोरगा इतका सरळ निघाला की तीन वर्षांनी दादांनी धाकटीलाच त्याच्या घरात दिली. त्यानंतर एक पंचाईत झाली. मेहुण्याला अरे-तुरे करायचं नाही, असं दादांच्या बायकोने बजावलं. मग घरी 'अहो मेहुणे, बसा ना', आणि फळीवर 'अरे गाढवा, कोपरा सुटला तुझा!' डावऱ्या म्हणायचा, "दादा, मला वर चढलं की घरच्यासारखं वाटतं."

त्यांची परांची म्हणजे चार लाकडी घोडे आणि त्यांवर टाकलेल्या सहा फळ्या. उंची ठरवायला टेप लागत नसे. दादा वर चढून उभे राहायचे आणि डोकं व छत यांच्यात आपली वीत धरून बघायचे. वीत बसली की परांची बरोबर. डावऱ्या त्यांच्यापेक्षा बोटभर बुटका, त्यामुळे त्याला जरा टाचा उचलाव्या लागत. अठरा वर्षं त्याने टाचा उचलल्या. त्याची तक्रार कधी ऐकू आली नाही, आणि दादांनी कधी विचारलंही नाही.

कामाच्या बाबतीत दादा अगदीच विचित्र होते. एकदा पुरं झालेलं छत त्यांनी सहज गुरमाळ्याच्या मुठीने ठोकलं, एका जागी पोकळ आवाज आला, आणि मालकाला पत्ता नसताना, दोघांनी दोन दिवस घाम गाळून केलेलं ते काम त्यांनी स्वतःच्या हाताने खरवडून काढलं. डावऱ्या रडकुंडीला आला होता. "कुणाला कळलं असतं दादा?" तो म्हणाला. दादा म्हणाले, "मला कळलंय ना." विषय संपला.

गेल्या वर्षी मात्र एक गोष्ट झाली. फळीचं एक टोक घोड्यावर नीट बसलं नव्हतं, ते जरासं हललं, आणि दादांच्या डोळ्यांपुढे अख्खी खोली गरकन फिरली. डावऱ्याने पट्ट्याला धरून मागे ओढलं म्हणून वाचले. डॉक्टर म्हणाले, डाव्या कानाच्या आत बिघाड आहे, तोल तिथेच सांभाळला जातो. पायाखालचं पक्कं असेल तर काही होणार नाही. हललं तर सांगता येत नाही. बाहेर आल्यावर दादांनी डावऱ्याचं मनगट धरलं. "हे घरी नाही. साइटवर नाही. कळलं की उद्या मला कुणी छताला हात लावू देणार नाही."

"कुणालाच नाही, दादा," डावऱ्या म्हणाला. "माझ्या तोंडातून मेलो तरी निघणार नाही."

त्यानंतर कामाला सुरुवात करण्याआधी डावऱ्या रोज सगळ्या फळ्यांवरून एकदा नाचून घ्यायचा, हलतंय का बघायला. लोक हसायचे. दादांना हसू यायचं नाही. त्यांना वाटायचं, पोटच्या मुलानेही एवढं केलं नसतं.

मग ते उंच पाय आले.

काम चालू होतं एका वसतिगृहाचं. तीन मजले, साठ खोल्या, सगळ्या एकसारख्या. ठेकेदाराने एके सकाळी एक लांबट खोकं आणलं आणि त्यातून अॅल्युमिनियमचे दोन पाय काढले. पोटरीला पट्टा, बुटाला पट्टा, खाली रबरी तळवा आणि घोट्याशी स्प्रिंग. ज्या दुकानातून आणले तिथला माणूस ते बांधून खोलीभर हिंडला, दारातून वाकून बाहेर गेला, परत आला आणि छताला हात लावून दाखवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादांनी हात खिशात घातले.

ठेकेदार म्हणाला, "दर खोलीत घोडे मांडा, फळ्या टाका, काम झालं की उचला, पुढच्या खोलीत न्या. अर्धी सकाळ यातच जाते. हे पाय बांधले की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नुसतं चालायचं. शिवाय खाली जमीन मोकळी. वायरमन त्याच वेळी खाली आपलं काम करेल."

"छत चालून होत नाही," दादा म्हणाले. "दाबून होतं. माल नुसता थापला म्हणजे चिकटला नाही. अंगाचं वजन मनगटात आणून दाबावं लागतं. ज्याचे पायच स्प्रिंगवर, त्याचा हात काय दाबणार? वर्षभरात पोपडे विद्यार्थ्यांच्या ताटात पडतील."

"करून तर बघा."

"मी चढणार नाही."

ठेकेदाराने डावऱ्याकडे पाहिलं. डावऱ्या एक पाऊल पुढे आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा नाही तर मीही नाही. आमची जोडी आहे."

त्या क्षणी दादांचा ऊर भरून आला, हे कबूल करायला हवं. दाबण्याबद्दल ते बोलले ते खरंच होतं, त्यावर त्यांचा विश्वास होता. पण त्यामागे कान होता, हे त्या गर्दीत एकाच माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस त्यांच्या बाजूला येऊन उभा राहिला होता. संध्याकाळी चहा पिताना दोघांचं ठरलं की मागे हटायचं नाही. छताचं काम येणारा दुसरा कारागीर या दिवसांत रिकामा मिळणं कठीण. आठवडाभर ठेकेदार फुरफुरेल आणि मग मुकाट्याने फळ्या काढून देईल. तोवर दोघांनी भिंती करायच्या.

आठवडा तसाच गेला. दादा भिंती करत होते आणि मनातल्या मनात खूश होते. शुक्रवारी डावऱ्या म्हणाला, "दादा, शनिवार-रविवार मी नाही. हिचे डोळे दाखवायचेत, चष्मा बदलायचाय. डॉक्टर जरा लांब आहेत." दादा म्हणाले, "जा ना. तिचे डोळे आधी." आणि वर, धाकटीला आवडतात म्हणून, पाव किलो बिस्किटं त्याच्या पिशवीत टाकली.

सोमवारी सकाळी इंजिनिअरबाईंनी दादांना तिसऱ्या मजल्यावर बोलावलं. बाई नव्या होत्या, कमी बोलायच्या, आणि ठेकेदार त्यांना टरकून असायचा. टोकाच्या खोलीच्या दाराशी त्या उभ्या होत्या.

"आत एका कारागिराने उंच पायांवर छत करून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "नमुन्याचं. तुम्ही तपासा. तुम्ही पास केलंत तर साठच्या साठ खोल्या तशाच होतील. नापास केलंत तर आजच्या आज फळ्या येतील, मी स्वतः ठेकेदाराला सांगेन. या पायांच्या सगळ्यात विरोधात तुम्ही आहात, म्हणून तुमचाच शब्द शेवटचा."

दादांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तीस वर्षांत कुठल्या इंजिनिअरने त्यांना असं विचारलं नव्हतं. त्यांनी लांब वायरीचा दिवा घेतला, दोन घोडे आणि एक फळी ओढून आणली, नीट बसवली, दोनदा हलवून पाहिली आणि वर चढले.

छत तपासायचं तर दिवा खालून दाखवायचा नसतो. खालून सगळीच छतं सुंदर दिसतात. दिवा छताला गाल लावल्यासारखा धरायचा, म्हणजे उजेड पृष्ठावरून घासत जातो आणि तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटासुद्धा सावली टाकतो. दादांनी दिवा धरला. सावल्या नव्हत्या. त्यांनी गुरमाळ्याच्या मुठीने ठोकायला सुरुवात केली. टक. टक. टक. दाराकडून खिडकीकडे, खिडकीकडून परत. सगळीकडे भरीव आवाज. त्यांनी फळी सरकवली आणि पुन्हा ठोकलं. त्यांना राग यायला लागला. कुठेतरी पोकळ वाजायलाच हवं होतं. ज्या माणसाचे पाय स्प्रिंगवर आहेत त्याने इतकं दाबलं कसं?

हात कुणाचातरी पक्का होता, आणि फळीवरचा नव्हता, हेही दिसत होतं. फळीवरच्या माणसाचे फटकारे फळीच्या लांबीने सरळ जातात. इथे ते अर्धगोल होते, माणूस जागेवर उभा राहून वळत गेल्यासारखे. आणि ते सगळे उजवीकडून सुरू होऊन डावीकडे उचललेले.

दादांचा हात थांबला. स्वतःशीच ते म्हणाले, डावरे जगात पुष्कळ असतात.

मग ते फळी घेऊन कोपऱ्यात गेले. कोपऱ्यात गुरमाळा पोचत नाही. बहुतेक मिस्त्री तिथे थापीच्या टोकाने कसंबसं उरकतात. दादा मात्र तिथे ओला अंगठा फिरवायचे, दोन्ही भिंतींच्या बाजूने एकेकदा आणि मग टोकावर हलकेच दाबून. ही त्यांची स्वतःची पद्धत. त्यांनी ती आयुष्यात एकाच माणसाला शिकवली होती, त्याचा अंगठा आपल्या हातात धरून. दिव्याच्या तिरप्या उजेडात कोपऱ्यातला तो अंगठा स्वच्छ दिसत होता. दोन बाजूंनी दोनदा, आणि टोकावर एकदा. डाव्या हाताचा.

दादा फळीवर खाली बसले. पाय लोंबत होते. फळी पक्की होती, जरासुद्धा हलत नव्हती, तरी त्यांना वाटलं आपण आता पडणार. शनिवार-रविवार. डोळे. चष्मा. बिस्किटं. सगळ्यांसमोर 'दादा नाही तर मीही नाही' म्हणणारा माणूस दोन दिवस या खोलीत उंच पायांवर उभा होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कापताना कळत नाही आणि रक्तही दिसत नाही.

त्यांच्या मनात काय आलं तेही सांगून टाकतो. नापास म्हणायचं. एका शब्दाचं काम. बाई ठोकून बघणार नाहीत, बघितलं तरी त्यांना तो आवाज ओळखणारा कान नाही. फळ्या येतील, डावऱ्याला गुपचूप खाली येऊन त्यांच्याशेजारी उभं राहावं लागेल, टाचा उचलून, आणि तो कधी तोंड उघडू शकणार नाही. दादांनी हा विचार चांगला पाचएक मिनिटं चघळला. मग पुन्हा उठून तो कोपरा पाहिला. अंगठा सुरेख फिरला होता. त्यांनी स्वतः केला असता त्यापेक्षा तसूभरही कमी नाही. असं छत खरवडून काढायला सांगायचं, हे त्यांच्या जिभेवर येईना.

ते खाली उतरले. "पास आहे," ते म्हणाले.

"नक्की?"

"उत्तम आहे. मी म्हणत होतो ते चूक होतं. दाबलंय नीट." एवढं बोलताना मनात कुठेतरी एक ताठ कणा होता. सगळं गेलं असलं तरी हे अजून आपलं आहे, असं काहीतरी. मी हे खरं बोललो आणि ते मला कुणी बोलायला लावलेलं नाही.

बाईंनी वहीत टिपून घेतलं आणि पहिल्यांदाच हसल्या. "त्या कारागिराने म्हटलं तसंच झालं हो. ठेकेदार म्हणत होता, तुम्हाला दाखवूच नका, तुम्ही मुद्दाम नापास कराल. तो कारागीरच म्हणाला, 'बाई, दादांनाच दाखवा. त्यांनी पास केलं की साइटवर कुणी चूं करणार नाही. आणि चांगल्याला ते वाईट म्हणणार नाहीत, मी लिहून देतो.' फार मानतो तुम्हाला."

दादांना तोंडात मारल्यासारखं झालं. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला. जो कणा म्हणून ते धरून होते तो त्या पोराने आधीच मोजून ठेवला होता, परांची मांडण्याआधी खोली मोजावी तसा.

ते तिथूनच धाकटीकडे गेले. तिने दार उघडलं, हसली, पाणी आणून दिलं. डोळ्यांवर जुनाच चष्मा होता.

"काय म्हणाले डॉक्टर?" दादांनी विचारलं.

"कुठले डॉक्टर?" ती म्हणाली, आणि मग घाईघाईने, "हां, ते होय. नंबर तोच आहे म्हणाले."

दादांनी हात पुढे करून तिचा चष्मा काढून घेतला. लहानपणी तिचं नाक पुसायला धरायचे तसं एका हाताने तिचं डोकं धरून. काचेवर पांढरे ठिपके होते, वरून शिंतोडे उडाल्यासारखे. त्यांनी एका ठिपक्याला नख लावलं. तो लगेच सुटला नाही, पण दगडासारखा घट्टही नव्हता.

"हा माल कालचा आहे," ते म्हणाले.

धाकटीने दार लोटलं. मग समोर बसली. "पाय धरायला कुणीतरी हवं होतं, दादा. दाबायला गेले की मागे ढकलले जायचे. मग ते वर दाबायचे आणि मी खालून दोन्ही पाय गच्च धरून ठेवायचे. बाहेरचं माणूस घेतलं असतं तर तुला कळलं असतं."

म्हणजे तेही कोडं सुटलं. ज्या प्रश्नावर दादांनी सगळा वाद घातला होता त्याचं उत्तर त्यांच्याच बहिणीने दोन हातांत धरलं होतं.

"मला विचारायचं तरी," दादा म्हणाले.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"म्हणून विचारलं नाही?"

"तू तरी मला कुठे सांगितलंस?" ती एकदम उसळली. "कानाचं एवढं झालं, डॉक्टर झाले, आणि मला एका शब्दाने नाही. वर्षभर मी तोंडात मूग गिळून बसलेय. तू इथे येऊन बसतोस, उठताना खुर्ची धरतोस, आणि मी बघितलं नाही असं दाखवते. उद्या पडलास तर वहिनीला मी काय तोंड दाखवू?"

दादांनी चष्मा टेबलावर ठेवला. "वर्षभर?"

तिने चष्मा उचलून पदराने पुसायला घेतला.

"कधी सांगितलं त्याने?"

"त्याच दिवशी," ती हळूच म्हणाली. "संध्याकाळी घरी आले तेव्हा. त्यांना झोप येईना." मग, एकदाच काय ते होऊन जाऊ दे अशा आवाजात, "ठेकेदारालाही सांगितलंय त्यांनी. म्हणजे तुला खालचं काम देतील. माल कालवून वर द्यायचं. वाईट मनाने नाही सांगितलं, दादा."

मनगट धरून घेतलेला शब्द संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकला नव्हता. वर्षभर ते फळ्यांवरचं नाचणं पाहून त्यांचं मन भरून येत होतं आणि त्या वेळी घरात त्यांच्या कानाची चर्चा चालू होती. दादांना धाकटीचा राग यायला हवा होता, पण आली ती लाज. सगळ्यांना दिसत असलेली गोष्ट आपण लपवत फिरत होतो याची. ते उठले. उठताना खुर्ची धरायची नाही एवढंच त्यांनी पाहिलं.

मंगळवारी ते साइटवर गेले. बायको म्हणाली होती, "जाऊ नका. डोकं तापलंय तुमचं." पण त्यांची हत्यारं तिथे होती, आणि हत्यारं टाकून येणारा माणूस ते नव्हते.

दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत डावऱ्या उंच पायांवर उभा होता. उजेडात, भर सकाळी, आता लपवायचं कारणच नव्हतं. पाय अजून त्याच्या अंगवळणी पडले नव्हते. त्या पायांवर स्थिर उभं राहता येत नाही, सारखं थोडं पुढे थोडं मागे करत राहावं लागतं, आणि मान छताकडे असल्यामुळे आपले पाय कुठे पडतात ते दिसत नाही. दादांना पाहून तो गडबडला. त्याला खाली येता येईना. ते पाय सोडायचे तर आधी कशावरतरी उंच बसावं लागतं आणि खोलीत तसं काही नव्हतं; बाहेर जिन्यात बसून तो ते बांधून आला होता. घोडे आणि फळ्या ठेकेदाराने कालच गच्चीवर टाकायला लावल्या होत्या.

"दादा," तो वरून म्हणाला. "मी येणारच होतो तुमच्याकडे."

दादा आपली थापी, गुरमाळा आणि ओळंबा पिशवीत भरत होते. "मी नापास केलं असतं तर?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"तुम्ही नसतं केलं."

"केलं असतं तर?"

"नसतं केलं, दादा. दोन दिवस मी तेवढ्याच भरवशावर काम केलं. बाकी काहीच नक्की नव्हतं. पण ते एक माहीत होतं."

"अठरा वर्षांत एवढं एकच शिकलास माझ्याकडून?" दादा म्हणाले. "मी कुठल्या गोष्टीवरून हलत नाही, ते?"

डावऱ्याचा चेहरा पडला. "तुमच्यासाठीच केलं हो. आज ना उद्या हे पाय येणारच होते. दुसरा कुणी चढला असता तर आपण दोघंही गेलो असतो. आता निदान मी आहे. तुम्ही खाली राहा, माल द्या, जमिनीवर लक्ष ठेवा. माझ्या पायांखाली बघायला मला दुसरा कुणी नको. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही." ते नाटक नव्हतं, हे दादांना कळत होतं, आणि म्हणूनच त्यांना ते सहन होईना.

"माझ्यावर विश्वास ठेवता येतो, ते मला माहीत आहे," दादा म्हणाले. "तुमच्यावर येत नाही, मेहुणे. मी नाही राहणार."

"दादा, असं अहो-जाहो नका करू इथे." डावऱ्या बोलत बोलत एक पाऊल मागे सरकला, मग दुसरं.

त्याच्या मागे जमिनीवर पाइपचा एक तुकडा पडला होता. वायरमनने कापून तसाच टाकलेला, हातभर लांब, गोल. जमीन मोकळी राहते म्हणून वायरमन खाली काम करू शकतो ना, त्यातलंच हे. उजव्या पायाचा रबरी तळवा त्याच्यापासून वीतभर होता. अजून एक पाऊल, आणि पाइप फिरला असता, आणि तो त्या उंचीवरून मागे पाठीवर पडला असता.

दादांनी पाइप पाहिला. तोंड उघडलं नाही. डावऱ्या वरून विनवत होता, "जरा ऐकून तर घ्या," आणि दादा त्या पाइपकडे बघत उभे होते. किती वेळ ते सांगता येणार नाही, फार तर दोन श्वास. पण ते दोन श्वास होते, आणि त्यांत दादांना वाटलं होतं, जाऊ दे.

मग ते वाकले, पाइप उचलला आणि भिंतीशी उभा करून ठेवला. डावऱ्याचं पाऊल मागे पडलं, मोकळ्या जमिनीवर, आणि तो उभा राहिला. त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही. दादा खोलीत आहेत तोवर आपल्याला खाली बघायची गरज नाही, हे त्याने धरूनच चाललं होतं.

दादांनी पिशवी खांद्याला लावली आणि ते बाहेर पडले. मागून "दादा, थांबा, मला उतरू तर द्या" असं ऐकू येत होतं. जिन्यात त्यांना हुंदका आला. फसवलं म्हणून नव्हे, ते दुःख तर कालच झालं होतं. आपण पाइप उचलणार, हेसुद्धा त्या माणसाने आधीच गृहीत धरलं होतं, आणि आपण तो उचलला.